शेवटच्या दहा मिनिटांत पाय जड का होतात?

पावसाळा ओसरला की आपल्याकडे महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ साली झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये या विद्यापीठाकडे आहेत. सामन्यांच्या दिवसांत मुलामुलींचे संघ पिशव्या खांद्याला लावून या गावाहून त्या गावाला जाताना दिसतात. या सदरात आपण नेहमी मधुमेह, रक्तदाब आणि दम्याबद्दल बोलतो. आज थोडे मैदानाकडे वळू. कारण मैदानावर जे दिसते, त्याचे मूळ पुष्कळदा स्वयंपाकघरात आणि रक्तात असते.

लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवणाऱ्या एक बाई माझ्या परिचयाच्या आहेत. वीसेक वर्षे त्यांनी मैदानावर काढली. सामन्यासाठी नांदेडला आल्या की कुणाचा तरी मुरगळलेला पाय घेऊन त्या माझ्याकडे येतात. त्यांच्याजवळ एक साधी शंभर पानी वही असते. बहुतेक प्रशिक्षक फक्त निकाल लिहून ठेवतात. या बाई मात्र दर दहा मिनिटांचा हिशेब लिहितात.

बास्केटबॉलचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांचा असतो. बाईंच्या वहीत तीन-चार हंगामांचे सामने होते. पहिल्या तीन भागांत त्यांचा संघ बरोबरीत किंवा दोन-चार गुणांनी पुढे असे. चौथ्या भागात गाडे घसरे. त्या मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, लोक म्हणतात पोरींमध्ये जिद्द नाही. मी त्यांना रोज बघते. जिद्द नसती तर तीस मिनिटे तरी कुठून खेळल्या असत्या?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. 'जिद्द नाही' हे निदान करायला सोपे असते. त्याला तपासणी लागत नाही आणि खर्चही येत नाही. पण निदान चुकले की उपचारही चुकतो. मुलींना ओरडा बसतो, पळण्याच्या फेऱ्या वाढतात आणि आधीच थकलेले शरीर आणखी थकते.

वहीतल्या तीन नोंदी

बाईंनी आणखी तीन गोष्टी टिपल्या होत्या. कुणाही वैद्याने त्यावर विचार करावा अशा त्या आहेत.

पहिली नोंद फाउलची होती. चौथ्या भागात त्यांच्या मुलींचे फाउल एकदम वाढत. बाईंचे म्हणणे असे, की पाय थकले की हात पुढे येतात. प्रतिस्पर्ध्याला अडवायचे तर पाय हलवून समोर उभे राहावे लागते. पाय हलेनासे झाले की मुलगी हात घालते आणि पंचांची शिट्टी वाजते. एका भागात संघाचे चार फाउल झाले, की पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्या संघाला दोन मुक्त फेक मिळतात. म्हणजे थकवा थेट गुणफलकावर चढतो.

दुसरी नोंद त्याच मुक्त फेकींची होती. ही फेक घेताना समोर कुणी अडवायला नसते. अंतर ठरलेले, वेळ पुरेसा. सकाळच्या सरावात ज्या मुलीचे दहापैकी सात चेंडू पडत, तिचे सामन्याच्या शेवटी तीनसुद्धा पडत नसत. चेंडू रिंगणाच्या अलीकडेच पडे. नेम चुकला तर चेंडू डावी-उजवीकडे जातो. तो सारखा कमी पडत असेल, तर पायांतला जोर संपला आहे असे समजावे.

तिसरी नोंद प्रवासाची होती. गावातल्या मैदानावर हाच संघ चौथा भागही बरा खेळे. बाहेरगावी मात्र कोसळे. लातूरहून अहमदपूर, लोहा करीत नांदेडला यायचे म्हणजे तीन-चार तासांचा एस.टी.चा प्रवास. पहाटे पाचला निघायचे, वाटेत चहा आणि बिस्किटाचा पुडा, अकराला सामना. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पोटात धड काही नाही. बसमध्ये लघवीला जाता येणार नाही आणि मैदानावर स्वच्छतागृह असेल की नाही कोण जाणे, म्हणून मुली पाणीही पीत नाहीत.

वाचकहो, या तीन नोंदींत निम्मे निदान आले आहे. उरलेले निम्मे रक्ततपासणीत मिळाले.

छोटा टँकर, जास्त खेपा

बाईंच्या विनंतीवरून आम्ही संघातल्या बाराही मुलींचे हिमोग्लोबिन तपासले. निम्म्याहून अधिक मुलींचे प्रमाण १२ ग्रॅमच्या खाली निघाले. मला याचे नवल वाटले नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले होते. खेळाडू मुली काही वेगळ्या घरांतून येत नाहीत.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ. त्याचा एक ग्रॅम सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहतो. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ आहे तिच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १६ मिलिलिटर प्राणवायू मावतो. ९ असेल तर जेमतेम १२. म्हणजे सरळ पाव हिस्सा कमी.

लातूरकरांना हे लगेच उमगेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस कुणी विसरलेले नाही. गल्लीत येणारा टँकर लहान असेल तर त्याच गल्लीला जास्त खेपा लागतात. रक्त कमी असलेल्या मुलीचे हृदय तेच करते. टँकर लहान म्हणून खेपा वाढवते. साधी चाल असो की घरकाम, ते कसेबसे निभावून जाते. पण चाळीस मिनिटे धावणे, थांबणे, उडी मारणे आणि पुन्हा धावणे सुरू झाले, की खेपा वाढवायलाही जागा उरत नाही. मग स्नायू प्राणवायूवाचून काम करू लागतात, धाप लागते, पिंढऱ्या भरून येतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बाहेर बसलेला प्रेक्षक म्हणतो, "पोरीत दम नाही." शब्दशः ते खरेच असते. पण दोष तिच्या मनाचा नसतो.

"खेळून खेळून लेकरू वाळलं"

संघातली सगळ्यात चपळ मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे हिमोग्लोबिन आठच्या घरात निघाले. तिचे वडील तिला घेऊन आले. शेतकरी माणूस, मुलीवर जीव असलेला.

"डॉक्टरसाहेब, खेळून खेळून लेकरू वाळलं हो. आता बास करा म्हणतो मी. पुढच्या साली लग्नाचं बघायचंय."

मी त्यांना म्हटले, "मामा, खेळ थांबवायचा का ते नंतर ठरवू. आधी रक्त कुठं जातंय ते बघू."

त्यांना बाहेर बसवले आणि बाईंच्या देखत मुलीला विचारले. तेव्हा कळले, की पाळीत तिला आठ-आठ दिवस जाते, गाठी पडतात आणि रात्रीतून दोनदा उठून कपडा बदलावा लागतो. चौदाव्या वर्षापासून हेच चालले होते. तिला वाटे, सगळ्यांनाच असे होत असेल. आईला सांगितले तर आई म्हणाली, "मलाही असंच व्हायचं."

साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरच्या पुढे गेले तर ते अतिरक्तस्रावात मोडते. मोजमाप कुणी करीत नाही, म्हणून खुणा लक्षात ठेवाव्यात. सात दिवसांपेक्षा जास्त जाणे, मोठ्या गाठी पडणे, दर तासा-दोन तासाला कपडा किंवा पॅड बदलावे लागणे, ही दवाखान्यात जाण्याची कारणे आहेत. यात लाजण्यासारखे काही नाही.

तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले, थायरॉइडची तपासणी केली, जंताचे औषध दिले आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. दोन महिने स्पर्धा बंद आणि फक्त हलका सराव. वडिलांना समजावले, की मुलगी खेळाने वाळलेली नाही. उलट ती खेळत होती म्हणूनच हा आजार वेळेवर सापडला. घरात बसून राहिली असती, तर लग्नानंतर पहिल्या बाळंतपणात तो जिवावर बेतला असता. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला थोडासा रक्तस्रावही सोसत नाही. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हिच्या आईचंबी रक्त तपासा."

तीन महिन्यांनी मुलीचे हिमोग्लोबिन ११ च्या वर आले. त्या हंगामात संघ उपांत्य सामन्यात हरला. पण बाईंनी वही दाखवली, त्यात चौथ्या भागाचे गुण बरोबरीचे होते. हरणे-जिंकणे खेळात चालायचेच. मुली शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

जुना समज, नवा पुरावा

मुलींना हा खेळ झेपत नाही, हा समज खेळाइतकाच जुना आहे. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नाइस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ महाविद्यालयातल्या मुलींना तो शिकवला. तेव्हा मैदानाचे तीन भाग पाडून प्रत्येक मुलीला आपापल्या भागातच उभे केले जाई, कारण पूर्ण मैदान धावणे मुलींच्या प्रकृतीला सोसणार नाही असे मानले जात होते. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचे बास्केटबॉल आले, तेव्हा मुली पूर्ण मैदानावर धावत होत्या.

पुरावा शोधायला इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. शेजारच्या धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्याची सारिका काळे २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी तिने वृत्तपत्रांना सांगितले होते, की कित्येक वर्षे तिला दिवसातून एकाच वेळचे जेवण मिळत असे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी जिंकला. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्याची. आपल्या मातीतल्या मुलींत जिद्द किती आहे, हे आता वेगळे सिद्ध करायला नको. प्रश्न एवढाच आहे, की एका जेवणावर सारिका घडली म्हणून सगळ्यांनी एका जेवणावर खेळावे काय? जिद्दीला अन्नाची जोड मिळाली, तर अशा आणखी किती मुली पुढे येतील याचा विचार व्हावा.

प्रशिक्षकाचे काम कुठून सुरू होते?

अमेरिकेत जॉन वुडन नावाचे एक नामांकित बास्केटबॉल प्रशिक्षक होऊन गेले. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे हे शिकवीत. मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की उत्तम खेळाडूही बाकावर बसतो, हे त्यामागचे कारण. टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाला ३८ वर्षे शिकवणाऱ्या पॅट समिट यांनी १,०९८ सामने जिंकून दिले. सुरुवातीच्या काळात त्या स्वतः संघाची गाडी चालवीत आणि मुलींचे गणवेशही धूत.

आपल्याकडच्या बाईही काही वेगळे करीत नाहीत. आता त्या प्रवासात धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतात. मैदानावर पोचल्याबरोबर त्या पहिल्यांदा स्वच्छतागृह शोधतात, कुलूप असेल तर किल्ली मागतात. चाळीस मिनिटे एकाच मुलीला पळवत नाहीत. या खेळात खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. बाकावर सात मुली असताना पाचच जणींना दमवणे त्यांनी सोडले. त्या म्हणतात, "आधी मी बाकावरच्या मुलींना राखीव समजत होते. आता त्या माझा चौथा भाग आहेत."

मुलींसाठी, पालकांसाठी, प्रशिक्षकांसाठी

आता काही व्यवहारातल्या गोष्टी सांगतो. कात्रण काढून ठेवले तरी चालेल.

रक्त : हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन-तीन महिने प्रत्येक मुलीचे हिमोग्लोबिन तपासावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. प्रमाण १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. गोळीने शौचास काळी होते, त्याला घाबरू नये. मळमळ झाली तर गोळी बंद न करता डॉक्टरांना विचारून वेळ किंवा मात्रा बदलावी. रक्त भरून आल्यावरही गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, कारण शरीरातला लोहाचा साठाही भरायचा असतो. गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल तर पुढच्या तपासण्या कराव्यात. घरात कुणाला सिकलसेल असेल तर ती तपासणी आधी करावी आणि अशा मुलीने तहानलेल्या अवस्थेत अतिश्रम टाळावेत.

अन्न : ज्वारीची भाकरी, वरण, मोड आलेल्या मटकी-हरभऱ्याची उसळ, अंबाडी, मेथी, शेपूसारख्या पालेभाज्या, तीळ आणि जवसाची चटणी हे आपले रोजचे जेवण वाईट नाही. ते पोटभर हवे एवढेच. सगळे जेवल्यावर उरलेल्यात भागवणे ही मुलीची वाटणी नव्हे. भाजीवर लिंबू पिळावे, जेवणाबरोबर पेरू किंवा आवळा खावा. त्याने लोह चांगले अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास ते वाया जाते, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्यावा. चालत असेल त्यांनी अंडी, मासे, मटण खावे. गूळ-शेंगदाण्याचा लाडू खेळाडूला उत्तम. पण नुसत्या गुळाने रक्त वाढते या समजावर विसंबू नये.

सामन्याचा दिवस : सामन्याच्या तीन तास आधी पोटभर पण हलके जेवण, तासभर आधी केळे. नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास करणाऱ्या मुलींनी निदान सामन्याच्या दिवशी दूध, शेंगदाणे, राजगिरा आणि फळे भरपूर घ्यावीत. नुसत्या चहावर खेळू नये.

पाणी : पन्नास किलोच्या मुलीच्या अंगातून घामावाटे एक किलो वजन गेले, की तिचा खेळ मंदावू लागतो. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी प्यावे. मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा ताक चांगले. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह असावे, ही मागणी आयोजकांकडे आधी करावी. ते नसेल तर मुली पाणी पिणार नाहीत आणि मूत्रमार्गाचे विकार घेऊन घरी जातील.

पाळी : पाळीत खेळण्यास हरकत नाही. दुखत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी खाल्ल्यावर घ्यावी. स्पर्धेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. कडक सरावाच्या काळात सलग तीन महिने पाळी आली नाही तर 'बरे झाले' असे समजू नये. शरीराला अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात.

गुडघा आणि घोटा : मुलींमध्ये गुडघ्याचा आतला बंध तुटण्याचे प्रमाण मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. उडीनंतर उतरताना गुडघे किंचित वाकलेले आणि पंजांच्या रेषेत असावेत, आत वळू देऊ नयेत. हे रोजच्या सरावात घोटून घ्यावे. पाय मुरगळला तर विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे एवढेच करावे. चोळणे, गरम शेक आणि 'लचक काढणे' पहिल्या दोन-तीन दिवसांत टाळावे.

झोप : लातूर पॅटर्नने मुलांच्या पहाटेवर शिकवणी आणली. पहाटेची शिकवणी, दिवसा महाविद्यालय, संध्याकाळी सराव आणि रात्री अभ्यास, यात झोप पाच तासांवर येते. वाढत्या वयात आठ तास झोप हवी. सामन्याच्या आठवड्यात तरी ती मिळू द्यावी.

धोक्याच्या खुणा : खेळताना चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, हृदयाची अनियमित धडधड, लहानपणी सांधे सुजून आलेला ताप, किंवा घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू, यातले काही असेल तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय मैदानात उतरू नये.

शेवटी पालकांना एक विनंती. बारावी जवळ आली की पहिल्यांदा मुलीचे मैदान बंद होते. तिचा भाऊ खेळत राहतो. मुलगी थकलेली दिसली तर खेळ बंद करण्याआधी तिचे रक्त तपासा, तिचे ताट बघा आणि ती किती वाजता झोपते ते विचारा. यंदाच्या हंगामापूर्वी एवढे जरी घरोघरी झाले, तरी पुष्कळ संघांचा चौथा भाग सुधारेल आणि त्या मुलींचे पुढचे आयुष्यही.